ओटीपी कोणाला सांगायचा?

माझे मामा डिचोलीला राहतात. पस्तिशीत त्यांची दृष्टी हळूहळू गेली, पण पेटी सुटली नाही, भजनी मंडळ सुटले नाही आणि रोज सकाळी पेपर वाचण्याची सवयही सुटली नाही. लॅपटॉपवर ते एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचतो आणि माऊसची बहुतेक कामे कळफलकावरून करता येतात. बँकेचा हिशेब, मित्रांच्या ईमेल, जत्रेतल्या नाटकांच्या तारखा हे सारे ते स्वतः ‘पाहतात’. हा शब्द त्यांचाच आहे आणि तो बदलण्याचे मला काही कारण दिसत नाही. गेल्या वर्षी मात्र एका सरकारी योजनेचा ऑनलाइन अर्ज भरताना ते अडले. मी फोंड्याहून फोनवर त्यांना वाट सांगू लागले, तेव्हा थोड्या वेळाने ते शांतपणे म्हणाले, “तू सांगतेस ते बटण इथे नाहीच गो.”

बटण होते, पण त्याला नाव नव्हते. ज्याने ते तयार केले त्याने त्यावर बाणाचे चित्र टाकले आणि तेवढ्यावर थांबला, त्यामुळे स्क्रीन रीडर नुसते ‘बटण’ एवढेच म्हणत होता, आणि त्या पानावर अशी सात बटणे होती. रकान्यांची गतही तीच. डोळस माणसाला ‘वडिलांचे नाव’ हे शब्द रकान्याच्या डाव्या बाजूला दिसतात आणि दोहोंचा संबंध तो न बोलता जोडतो, पण कोडमध्ये तो संबंध लिहिलेला नसेल, तर ऐकणाऱ्याला एकामागून एक रिकामे रकाने लागतात आणि कोणत्यात काय भरायचे याचा पत्ता लागत नाही. जन्मतारखेचे कॅलेंडर फक्त माऊसने उघडत होते. या सगळ्यातून वाट काढून मामा तळाशी पोचले, तर तिथे समोर यंत्र नसून माणूस आहे हे पटवण्यासाठी ओळखायचा वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा होता आणि तो ऐकण्याची सोय नव्हती.

शेवटी त्यांनी शेजारच्या मुलाला बोलावले. त्याला आधार क्रमांक सांगितला, बँक खाते सांगितले, वर्षाचे उत्पन्न सांगितले आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही सांगितला. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बजावणारा बँकेचा संदेश त्याच मोबाइलवर पडून होता. मुलगा सालस आहे, त्याने काही गैर केले नाही आणि करणारही नाही. पण रात्री मामा मला म्हणाले, “मामलेदार कचेरीत रांग लावायचो तेव्हा माझे उत्पन्न निदान कारकुनालाच कळायचे.” अर्ज घरबसल्या भरता येतो म्हणजे सोय झाली, असे आपण धरून चालतो. ज्याला त्यासाठी आपली सगळी कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती द्यावी लागतात, त्याच्या बाबतीत ती सोय नाही, उलट पूर्वी होता तेवढा आडोसाही गेला. म्हणून ‘मदतनीस ठेवला आहे’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

कायदा या बाबतीत मोघम नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे ४२ वे कलम माहिती आणि संपर्काच्या तंत्रज्ञानाविषयीच आहे. नियम जून २०१७ मध्ये आले आणि सेवा सुगम्य करण्यासाठी तिथून दोन वर्षांची मुदत होती, म्हणजे ती संपूनही बराच काळ लोटला. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तर २००९ पासून आहेत. २०२३ ची तिसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय निकषांना धरून आहे आणि रकान्याला नाव असावे, सगळे काम कळफलकाने व्हावे, साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ असावा, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी त्यात आहेत. अडचण अशी की नियमांची भाषा बराच काळ शिफारशीची राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणाने २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमाचा संबंधित भाग मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष ठरवायला सरकारला तीन महिने दिले.

३० एप्रिल २०२५ चा निकाल मामांना अधिक जवळचा वाटला. ऑनलाइन ओळख पटवताना अनेकदा कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्यांना आणि अनेक दृष्टिहीनांना ते जमत नाही, आणि मग जिवंत माणूस समोर बसलेला असताना यंत्र त्याला जिवंत मानत नाही. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि वीस निर्देश दिले. ते मी मामांना वाचून दाखवले, कारण मला मिळालेली प्रत पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ होती आणि त्यात स्क्रीन रीडरला वाचण्यासारखे एक अक्षरही नव्हते.

मराठी वाचकाच्या वाट्याला याहून वेगळे एक दुखणे येते. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत येण्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये आजही पत्रके टंकलिखित होतात. डोळ्यांना तिथे सुबक देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यामुळे ‘शासन निर्णय’ या दोन शब्दांच्या जागी स्क्रीन रीडर निरर्थक बडबड करतो. पान युनिकोडमध्ये असले तरी ते मराठीत आहे हे कोडमध्ये नोंदवले नसेल, तर इंग्रजी आवाज देवनागरीपाशी अडखळतो किंवा गप्पच बसतो. गोव्यात कोकणी राजभाषा आहे आणि १९८७ च्या कायद्याने मराठीचाही सरकारी कामकाजात वापर करता येतो, त्यामुळे एकाच पानावर कोकणी, मराठी आणि इंग्रजी शेजारी नांदतात आणि प्रत्येक तुकड्याची भाषा वेगळी नोंदवावी लागते. मामांच्या फोनवर कधी कधी हिंदी आवाज मराठी मजकूर वाचू लागतो. “उत्तरेकडचा पाहुणा आपले अभंग म्हणतोय,” असे म्हणून ते ऐकत राहतात.

यावर संकेतस्थळांनी शोधलेला उपाय म्हणजे कोपऱ्यात बसवलेले व्हीलचेअरचे चित्र. ते दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात. ज्याची नजर अधू आहे त्याला याचा थोडा उपयोग होतो, हे मान्य. पण अक्षरे मोठी करणे ब्राउझरलाही येते, आणि निनावी बटण कितीही मोठे केले तरी ते निनावीच राहते. त्यापेक्षा तपासणीची एक फुकटची रीत आहे: संगणकाचा माऊस काढून ठेवावा आणि केवळ कळफलकावर आपलाच अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. ज्या खात्याने निविदा काढली त्याच्या प्रमुखाने पैसे चुकते करण्याआधी एवढे केले, तरी पुष्कळ निभावेल.

हे सगळे मी सरकारला सुनावते आहे खरी, पण आमच्या वाचनालयाच्या ऑनलाइन व्याख्यानमालेत मीही फार वेगळी वागले नव्हते. निमंत्रण म्हणजे एक रंगीत चित्र, त्यातच वेळ, त्यातच दुवा, सोबत एक ओळही टाइप केलेली नाही. मामांना व्याख्यान कधी आहे ते मलाच विचारावे लागले. पहिल्या सत्रात वक्ते “हे इथे पाहा, आणि हे त्याच्या खाली” असे म्हणत जुन्या देवळांची छायाचित्रे दाखवत राहिले. श्रोते भरभरून संदेश लिहीत होते आणि प्रत्येक ‘नमस्कार’ स्क्रीन रीडर वक्त्यांच्या आवाजावर आपला आवाज चढवून वाचत होता.

पणजीत ६ ते ८ जानेवारी २०२३ या दिवसांत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला, तेव्हा मी मामांबरोबर गेले होते. राज्य दिव्यांग आयोग आणि समाजकल्याण खाते यांनी भरवलेल्या त्या महोत्सवात सांकेतिक भाषेचे दुभाषे मंचावर वक्त्यांच्या बरोबरीने उभे असलेले मी पाहिले. परतल्यावर आमच्या पुढच्या व्याख्यानासाठी मी दुभाषा शोधला, मानधन ठरवले आणि धन्यता मानली. कार्यक्रम सुरू झाला आणि छायाचित्रे पडद्यावर आली, तशी दुभाष्याची चौकट टपाल तिकिटाएवढी झाली. एका कर्णबधिर श्रोत्याने तसे लिहून कळवले, पण संदेशांच्या गर्दीत मी ते अर्ध्या तासाने वाचले. दुभाष्याची खिडकी सर्वांसाठी मोठी करून ठेवता येते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते. आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनवर विसंबलो, तर वक्त्यांच्या बोलण्यात कोकणी आली की ओळी भरकटायच्या. आता आमच्यातली एक निवृत्त लघुलेखिका कॅप्शन टाइप करते. वक्त्यांना आठवडाभर आधी सांगतो की चित्रात काय आहे ते बोलून दाखवा. बहुतेकांचे व्याख्यान त्यामुळे सुधारते, कारण त्यांना स्वतःलाच ते चित्र नीट पाहावे लागते. नोंदणीच्या अर्जात ‘आपल्याला कोणती व्यवस्था हवी?’ असा एक रकाना ठेवला आहे, आणि त्याला नाव आहे.

त्या योजनेच्या तांत्रिक विभागालाही मामांनी स्वतः टाइप करून एक पत्र धाडले. तक्रारीचा सूर नव्हता, कोणत्या पानावरचा कोणता रकाना काय बोलतो याची नुसती यादी होती. अडीच महिन्यांनी रकान्यांना नावे आली, बाणाचे बटण ‘पुढे’ असे बोलू लागले आणि तारीख टाइप करता येऊ लागली. यंदाचा अर्ज त्यांनी स्वतः भरला आणि ओटीपी स्वतःजवळच ठेवला. कॅप्चा तेवढा तसाच आहे. तिथे पोचले की ते मला व्हिडिओ कॉल लावतात आणि फोन लॅपटॉपच्या पडद्याकडे वळवतात. पहिली काही सेकंदे मला त्यांच्या छपराची कौले दिसतात, मग पेटी, मग पडदा, आणि तोवर बहुधा त्या अक्षरांची मुदत संपून नवी अक्षरे आलेली असतात.