आमची वाटचाल : घाट, पाऊस आणि ब्रेक ऑईलची डबी

कराडची बाजू सोडली, तर साताऱ्यातून कुठेही निघा, घाट आडवा येतोच. पुण्याला जाताना खंबाटकी, महाबळेश्वरला केळघर, कासला यवतेश्वर. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गोडोलीत गॅरेज टाकलं तेव्हा कामं याच रस्त्यांनी आणून दिली. जीप, ॲम्बॅसिडर, फियाट. गाडी कुठलीही असो, तक्रार एकच : "मिस्त्री, पेडल खाली बसतंय."

बाकीचे मिस्त्री आधी चाकं खोलत. अण्णा आधी डबीचं, म्हणजे गाडीत ब्रेक ऑईल साठवायच्या टाकीचं, झाकण उघडत. कारण साधं होतं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आमच्याकडे पावसाळाभर हवाच ओली. डॉट 3 प्रतीचं नवं ऑईल 205 अंशांच्या आत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 140 वर येते. पसरणी घाट उतरताना चाकांतले ब्रेकचे ड्रम तापतात, आतलं ऑईल उकळतं, त्याची वाफ होते. मग पाय कितीही दाबा, वाफच दबते, चाकाला जोर पोचत नाही. म्हणून ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि महाबळेश्वरकडच्या गाड्यांचं दरवर्षी, पावसाळा संपल्यावर. हा नियम अण्णांचा, आम्ही तो मोडलेला नाही.

जुन्या जीपची गंमत वेगळी. तिचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑईल चाकांकडे ढकलणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या आड. दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि बघायला झाकण उघडलं की भोवतीची माती आधी आत पडते. डबीतून सिलिंडरमध्ये ऑईल उतरायला बारीक भोक असतं. ते कचऱ्यानं बुजलं तर दाब परत फिरत नाही आणि ब्रेक धरून राहतात. लोक ड्रम, लायनर बदलत बसतात. आम्ही झाकणाभोवती ब्रशनं झाडून, पुसूनच उघडतो.

कंपन्यांची सर्व्हिस सेंटर आली तशा नव्या गाड्या तिकडे गेल्या. 2014 मध्ये ॲम्बॅसिडरही बंद झाली. भाऊजी म्हणाले, टायरचं दुकान काढा. पण हौसेनं जुनी गाडी ठेवणारे वाढत होते आणि त्यांच्यासाठी मास्टर सिलिंडर खोलून बसायला कुणाला वेळ नव्हता. आम्ही सेकंडहँड लेथ घेतला. घासलेल्या सिलिंडरला आतून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकणं, पत्र्याच्या डबीचा गंज काढणं, झाकणं नव्यानं बनवणं सुरू केलं. झाकणाचं हवेचं भोक बुजवून द्या, असा हट्ट काही जण पाण्याच्या भीतीनं धरतात. तसं केलं तर ऑईल नीट खाली उतरणारच नाही.

नकारही बरेच द्यावे लागतात. लग्नाला भाड्यानं जाणाऱ्या एका ॲम्बॅसिडरच्या डबीत ड्रायव्हरनं इंजिन ऑईल ओतलं होतं. सगळे रबर फुगले, चारही चाकं जाम. मालकांना नुसती डबी धुऊन हवी होती. आम्ही रबराचं सगळं सामान बदलू द्याल तरच हात लावतो म्हणालो. पेट्रोल-रॉकेलनंही रबर बिघडतं, म्हणून ब्रेकच्या कामाला ते गॅरेजमध्ये वापरत नाही. सिलिकॉनचं डॉट 5 घेऊन येणारेही आहेत. रंग खात नाही हे त्याचं खरं सुख, पण ते जुन्या ऑईलमध्ये मिसळत नाही आणि आत शिरलेलं पाणी तळाशी साचून गंज धरतो. सगळी लाईन मोकळी करायची तयारी असेल तरच भरून देतो. आणि डॉट 5.1 म्हणजे सिलिकॉन नव्हे, हे तर रोज सांगावं लागतं. नावं ठेवणाऱ्यानं एवढा गोंधळ का घातला देव जाणे.

सध्या अडलंय ते प्लॅस्टिकच्या डब्यांपाशी. त्या पिवळ्या पडून तडकतात. साचा करायला परवडेल एवढी मागणी नाही. म्हणून भंगारातून धडक्या डब्या निवडून, रात्रभर पाणी भरून गळती तपासतो, मग पूर्ण वाळवूनच बसवतो. कुणाकडे जुनी फियाट भंगारात निघणार असेल, तर डबी फेकू नका, आम्ही विकत घेतो.