बोहल्यावर कशाला चढवता?

"अजून लग्नाच्याच गोष्टी वाचतेस?" आत्यानं परवा माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं. गेले दोन महिने मी एकामागून एक ऐतिहासिक प्रेमकथा वाचतेय, त्याही अमेरिकेतल्या, हक्कांसाठी भांडणाऱ्या कृष्णवर्णीय नायिकांच्या. आत्याचं म्हणणं, बाई लढतेय तर लढू दे की, शेवटी तिला बोहल्यावर कशाला चढवता?

एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण गुलामांच्या लग्नाला तिथे कायद्यात किंमतच नव्हती. मालकाची परवानगी काढायची, झाडूवरून उडी मारायची, झालं लग्न. शपथ देताना कित्येकदा 'मृत्यूनं' ताटातूट होईपर्यंत, याच्या जोडीला 'किंवा अंतरानं' असंही घालायचे, कारण दोघांपैकी कुणीही कधीही दूर विकलं जायचं. अशा ठिकाणी 'हा माझा नवरा' असं कागदावर येणं, हीच मुळात एक मागणी होती.

एलन क्राफ्टचंच बघा, ही खरीखुरी बाई, जॉर्जियातल्या मेकनची गुलाम. रंगानं इतकी उजळ की गोरी म्हणून सहज खपेल. डिसेंबर १८४८ मध्ये पळून जायला तिनं केस कापले, पुरुषी कपडे चढवले, हिरवा चष्मा लावला आणि आजारी गोरा मालक झाली. नवरा विल्यम झाला तिचा गुलाम. उजवा हात मात्र झोळीत. का, तर हॉटेलच्या वहीत सही करावी लागणार आणि तिला लिहिता येत नव्हतं. गुलामांना लिहायला शिकवणं तिथे गुन्हाच होता. रेल्वे, बोटी करत दोघं नाताळच्या दिवशी, गुलामगिरी नसलेल्या फिलाडेल्फियाला पोचली. पुढे बॉस्टनमध्ये, त्यांना पकडायला माणसं येऊन गेल्यावर, नोव्हेंबर १८५० मध्ये थिओडोर पार्कर या धर्मगुरूनं त्यांचं रीतसर लग्न लावलं आणि विल्यमच्या हातात बायबल दिलं, सोबत सुराही. कादंबरीत वाचलं असतं तर लेखिकेनं जरा जास्तच ताणलंय, असं म्हटलं असतं मी.

सगळ्याच कादंबऱ्या धड नसतात, हेही सांगते. काहींत नायिका आजच्या भाषेत भाषणं ठोकते आणि ऐन वेळी नायक येऊन तिला वाचवतो. (ती पुस्तकं मी अर्धी सोडते.) मला आवडतात त्यांत सभा असते, वर्गणीचा हिशेब जुळत नसतो, खुर्च्या कुणी आणायच्या यावरून वाद, आणि त्या गडबडीत शेजारच्या माणसाची शाईनं माखलेली बोटं तिच्या नजरेत भरतात.

कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्सनं तर लिंचिंगविरुद्धच्या, म्हणजे जमावानं माणसं ठार मारण्याविरुद्धच्या, व्याख्यानांपायी लग्नाची तारीख तीनदा पुढे ढकलली होती. शेवटी जून १८९५ मध्ये शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी लग्न केलं. आडनाव सोडलं नाही, त्यांचं पुढे जोडलं. घरी स्वयंपाक बहुतेक तेच करायचे. पुढच्या वर्षी चार महिन्यांचं बाळ काखोटीला मारून ही बाई वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अधिवेशनाला हजर.

"स्वयंपाक तो करायचा?" आत्या म्हणाली. "मग असू दे लग्न."

पण मला वाचायचीय ती त्यापुढची गोष्ट. ३ मार्च १९१३, वॉशिंग्टनमधला बायकांच्या मताधिकाराचा मोर्चा. काळ्या बायकांनी मागे चालावं, असं आयडाला सांगितलं गेलं. ती गर्दीत दिसेनाशी झाली. तिच्या इलिनॉय राज्याची तुकडी समोर आली तशी बघ्यांमधून बाहेर पडली आणि दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मधोमध चालू लागली. वय पन्नास, संसार सतरा वर्षांचा. अशी नायिका असलेली प्रेमकथा कुणाला माहीत असेल तर नक्की कळवा.