कॉन्व्हेक्सपणा हाताने तपासताना: एका चलातून दोन चलांत

एका चलाच्या संमिश्र विश्लेषणात मला सर्वांत भावली ती तिथली शिस्त. एकक चकतीवर, म्हणजे शून्यापासून १ पेक्षा कमी अंतरावरच्या संमिश्र संख्यांवर, एकास-एक असलेले होलोमॉर्फिक (संमिश्र अर्थाने अवकलनक्षम) फल घ्या, शून्यावर त्याची किंमत शून्य आणि अवकलज १ ठेवा. मग त्याच्या घातश्रेणीतल्या वर्गपदाच्या सहगुणकाचे केवलमूल्य २ च्या वर जाऊच शकत नाही. बीबरबाखचा हा निकाल १९१६ चा.

अनेक चलांकडे वळलो आणि ही शिस्त पहिल्याच उदाहरणात मोडली. य आणि र ही संमिश्र चले, क हा स्थिरांक; (य, र) ला (य + क·र², र) वर पाठवा. उलटे मॅपिंग लगेच लिहिता येते: (य − क·र², र). म्हणजे क कितीही मोठा घेतला तरी मॅपिंग एकास-एकच राहते आणि सहगुणकाला कसलाच लगाम उरत नाही. १९३३ मध्ये कार्तानने या अडचणीकडे लक्ष वेधले आणि स्टारलाइक (प्रतिमेतला प्रत्येक बिंदू शून्याशी जोडणारी रेषा प्रतिमेतच राहते) व कॉन्व्हेक्स (प्रतिमेतले कोणतेही दोन बिंदू जोडणारी रेषा प्रतिमेतच राहते) मॅपिंग अभ्यासावीत असे सुचवले. मी तीच वाट धरली. प्रमेयांमागे धावण्याऐवजी हे एकच उदाहरण शेवटपर्यंत हाताने सोडवायचे ठरवले.

आधी एकक गोल, म्हणजे |य|² + |र|² < १. प्रतिमा स्टारलाइक असण्याची अट सोडवत गेलो की सगळे |क|·|य|·|र|² ≤ १ यावर येऊन थांबते. गोलाच्या सीमेवर |य|·|र|² ची कमाल किंमत २/(३√३), म्हणून |क| ची मर्यादा ३√३/२, साधारण २.६. हे हिशोबाने सुटले, पण त्यातून चित्र काही दिसले नाही.

चित्र दिसले ते कॉन्व्हेक्सपणात. (१, ०) या बिंदूजवळ गोलाची सीमा र च्या दिशेने आत वळते: य साधारण १ − |र|²/२ इतका. मॅपिंग त्यात क·र² मिळवते. र चा कोन असा निवडता येतो की क·र² धन व्हावे. मग |क| > १/२ असेल तर सीमा (१, ०) च्या पलीकडे फुगते आणि कॉन्व्हेक्सपणा गेला. |क| ≤ १/२ पुरेसे आहे हेही तपासून पाहिले. जिथे र² हे पद स्वतः शून्य आहे तिथेच ते सर्वांत घातक ठरते, कारण लढत वक्रतेशी आहे. इथे मी बराच वेळ रेंगाळलो, आणि तो वेळ सत्कारणी लागला.

कारण त्यानंतर बायडिस्क, म्हणजे |य| < १ आणि |र| < १, आपोआप उलगडली. तिथे (१, ०) जवळची सीमा र च्या दिशेने सपाट असते. वळणाची ती |र|²/२ इतकी सवलतच नाही, म्हणून क शून्याहून जरासा वेगळा असला तरी कॉन्व्हेक्सपणा मोडतो. सफ्रिजचे १९७० चे प्रमेय हेच पूर्ण व्यापकतेने सांगते: पॉलिडिस्कवरचे (बायडिस्कचेच कितीही चलांतले रूप) प्रत्येक कॉन्व्हेक्स मॅपिंग म्हणजे प्रत्येक चलाचे स्वतंत्र कॉन्व्हेक्स फल आणि वर एक रेषीय मॅपिंग. गोल आणि बायडिस्क होलोमॉर्फिकदृष्ट्या समरूप नाहीत, म्हणजे एकास-एक होलोमॉर्फिक मॅपिंगने एकातून दुसरे मिळत नाही, हे प्वांकारेने १९०७ मध्येच दाखवले होते; तो फरक मला पहिल्यांदा जाणवला तो इथे.

मग गोलावर कॉन्व्हेक्स मॅपिंग बनवायची कशी? सुटी फले जोडून चालत नाही. य/(१−य) आणि र/(१−र) दोन्ही चकतीवर कॉन्व्हेक्स आहेत, पण त्यांची जोडी गोलावर (१/√२, १/√२) जवळ (१, −१) या दिशेत फसते. रोपर आणि सफ्रिज यांनी १९९५ मध्ये दिलेली कृती वेगळी आहे: फ हे चकतीवरचे कॉन्व्हेक्स फल आणि फ′ त्याचे अवकलज असेल, तर (फ(य), √फ′(य)·र) घ्या. वरच्याच य/(१−य) या फलाला ती लावली की (य/(१−य), र/(१−य)) मिळते, आणि त्याची प्रतिमा म्हणजे दुसऱ्या घटकाच्या केवलमूल्याचा वर्ग १ + २·(पहिल्याचा वास्तव भाग) याहून लहान असलेले क्षेत्र. ते कॉन्व्हेक्स आहे हे पाहताक्षणी पटते.

वर्गमूळच का, हा प्रश्न मला छळत होता. फ च्या जागी चकतीचेच एखादे ऑटोमॉर्फिझम (चकतीला एकास-एक रीतीने पूर्णपणे स्वतःवरच नेणारे होलोमॉर्फिक मॅपिंग) ठेवून पाहा: त्या सूत्रातून नेमके गोलाचे ऑटोमॉर्फिझम बाहेर पडते. वर्गमूळाऐवजी दुसरा घात घेतला तर हे जमत नाही.