रजा शिल्लक आहे

मागच्या आठवड्यात ऑफिसची मेल आली. आधी पोटात गोळाच आला, कारण परदेशात ऑफिसची मेल म्हटली की पहिला व्हिसाच आठवतो. तर म्हणे, तुमची गेल्या वर्षीची रजा शिल्लक आहे, 1 जुलैला ती बुडेल, त्याआधी घेऊन टाका. एक प्रत प्रोफेसरांनाही. त्यांनी कॉफीच्या मशिनपाशी गाठून विचारलं, "रजा का घेत नाहीस? काही अडचण आहे का?" मी ओशाळले. पुण्यात एम.एस्सी.ला असताना रविवारी लॅबमध्ये दिसलं की सरांच्या नजरेत भाव वधारायचा. इथे रविवारी दिसले तर लोकांना माझी काळजी वाटते.

नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही नोकरी असते. चार वर्षांचा करार, पगार, पेन्शनची कपात, आणि वर्षाच्या पगाराच्या 8 टक्के सुट्टीभत्ता, तोही बहुधा मे महिन्यात. आत्या अजून फोनवर विचारते, "शिक्षण कधी संपणार गं तुझं?" तिला एकदा पगारपत्रक पाठवणार आहे. आपल्याकडची जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांची सरकारी फेलोशिपही 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, काही वाईट नाही, पुण्यात खोली घेऊन राहता येतं. पण माझ्या मैत्रिणीची फेलोशिप महिनोन् महिने येत नाही, आणि आली की आधी उसने फेडण्यात जाते. हे मी इथे कुणाला सांगत नाही. सांगायची लाज वाटते, आणि ऐकून त्यांनी सहानुभूतीने मान हलवली तर मला रागच येईल.

यायचं कसं, असं विचारणारे मेसेज येतात म्हणून सांगते. इथे पीएच.डी.ची जागा निघते, जाहिरात येते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. इकॉलॉजी आणि रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं, जोडणाऱ्या जागांची तर रेलचेल आहे, कारण उपग्रहांची चित्रं फुकट झाली. लँडसॅट 2008 पासून, नंतर सेंटिनेल-2, तेही 10 मीटरच्या पिक्सेलचं आणि दर पाच दिवसांनी. चित्रांना तोटा नाही. कोड लिहिणारा आणि गवताचं नाव सांगणारा एकच माणूस मिळत नाही, तोटा आहे तो त्याचा. आर किंवा पायथन ही कोडची भाषा येतंच असं धरून चालतात, तेव्हा अर्जात शेतावर, डोंगरावर काय केलंत ते लिहा. आणि युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपच्या जागांना एक अट असते: ज्या देशात जायचं तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. दोन वर्षं मास्टर्स करून तिथेच चिकटायचा बेत असेल, तर ती वाट लगेच तरी बंद.

पण विषय जाहिरातीतच ठरलेला असतो, हे मला सही करताना नीट उमगलं नव्हतं. माझा विषय म्हणजे इथले हीदरचे, म्हणजे जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांचे माळ. जनावरांच्या गोठ्यांतून उठणारा अमोनिया हवेतून मातीत उतरतो, त्यातल्या नायट्रोजनने माती पोसते आणि गवत हीदरला गिळून टाकतं. म्हणजे इथे गवत हे संकट! चार वर्षं मी गवत शोधणार आणि सापडलं की हळहळणार. मी, बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर कुसळं काढत वाढलेली.

एकदा मीटिंगमध्ये हौसेने सुप्याचं मे महिन्यातलं चित्र लावलं. एक सहकारी म्हणाला, "ही ऱ्हास झालेली जमीन ना?" त्यानंतर मी बहुधा वीस मिनिटं बोलले. म्हटलं, बाबा रे, हा माळ आहे. वाळलेल्या गवतात हरितद्रव्य नाही, म्हणून तुझा एनडीव्हीआय, चित्रातला हिरवेपणाचा आकडा, खाली येतो, जमीन मेलेली नसते. इथे चिंकारा आहे, लांडगा आहे, मयूरेश्वर अभयारण्य आहे, धनगरांची मेंढरं चरतात. पवन्या, मारवेल, कुसळी, एकेक नाव सांगितलं. वर तावातावात हेही ऐकवलं की आमच्या इस्रोची, नासाच्या जोडीने केलेली नायसार 2025 मध्ये अवकाशात गेली, रडारने ढगांतूनही बघते. देहरादूनची आमची रिमोट सेन्सिंगची संस्था 1966 मध्ये डचांच्याच मदतीने उभी राहिली, हे मात्र आवाज जरा खाली करून.

जागेवर येऊन बसले आणि आठवलं, आपल्या सरकारी नकाशातही यातली बरीच जमीन 'पडीक'च म्हणून जाते. पुण्यातल्या टेकड्यांवर आपणच गिरिपुष्प हे परदेशी झाड लावून ठेवलंय, पावसाळ्यात वरून कसं छान हिरवंगार दिसतं. त्या बिचाऱ्याने वेगळं काय म्हटलं होतं? पण त्याला कशाला सांगा.

मैत्रिणीला मी नेहमी म्हणते, उपग्रह सुप्यावरून जातोच ना, मग मी पाषाणला बसून बघितलं काय आणि इथे बसून बघितलं काय. ती म्हणते, "बरोबर आहे. तू बघ. मी चालते." एकदा तिने तिचे मोजे काढून फोटो पाठवला होता, घोट्यापर्यंत नुसती कुसळं. खाली एवढंच लिहिलं होतं: तुझे चार पिक्सेल.

तर रजा टाकली. मे अखेर, सुट्टीभत्त्यातून तिकीट. प्रोफेसर म्हणाले, सुप्याला जाणार असशील तर ते फील्डवर्क, मग रजा कशाला? विमा, जोखमीचा फॉर्म, सगळं रीतसर करू. मी म्हटलं, करारात सुपं नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग मी काही ऐकलं नाही.

आई खूश होती, लेक ऐन आंब्यांत येतेय म्हणून. दोन दिवस घरी आणि बाकीचे सुप्याला, हे कळल्यावर फोनवर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "डोक्याला काहीतरी बांध. आणि आंबे किती ठेवू, ते तरी सांग."