भ्या वाटंना

रात्री सायलेंट हिल २ या भीतीच्या व्हिडिओ गेममधलं हॉस्पिटल चालू होतं. ती बिनचेहऱ्याची नर्स अंगावर आली, मी तिला पाइपनं आडवी केली आणि हात सरळ भडंगाच्या डिशकडे गेला. शेजारी पुतण्या पाय वर घेऊन बसलेला. म्हणाला, "काका, तुला भ्या वाटंना व्हय?"

नाही वाटत. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

गेममध्ये खोट नाही. २००१ चा गेम २०२४ मध्ये नव्यानं केलाय, भिंतीवरचा गंजसुद्धा ओला दिसतो. मग माझंच काहीतरी आटलंय का? दादा असता तर विचारलं असतं. असो.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये १९९६ चा पहिला रेसिडेंट ईव्हिल खेळताना कॅमेरा आपल्या हातात नसायचा. कोपऱ्यात वर कुठंतरी टांगलेला. वळणापलीकडं पाय घासल्याचा आवाज यायचा, पण झोंबी दिसायचा नाही. दादाच्या हातात कंट्रोलर, मी नुसता कान लावून. दार उघडताना पडदा काळा व्हायचा आणि फक्त ते दार सावकाश उघडायचं. त्या वेळात मशीन पुढची खोली लोड करत असायचं, हे पुष्कळ नंतर कळलं. पहिल्या सायलेंट हिलमधलं धुकंही तसलंच. प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढणं झेपत नव्हतं, म्हणून धुकं. मशीनला जे जमत नव्हतं, त्यालाच आम्ही घाबरत होतो.

२००५ च्या रेसिडेंट ईव्हिल ४ नं कॅमेरा खांद्यामागं आणला. जिकडं बघेन तिकडं बंदूक. गेम जबरदस्तच, त्याबद्दल वाद नाही. पण २०१२ च्या सहाव्यापर्यंत नुसती लाथाबुक्की आणि गोळीबार उरला. बरं, नव्या डिझाइनला तरी कसा दोष देऊ? २०१७ चा सातवा थेट त्या माणसाच्या डोळ्यांतून दिसतो, अन् त्या अरुंद घरात मला दरदरून घाम फुटला होता.

म्हणजे मी आटलेलो नाही. हे लिहिता लिहिताच जरा बरं वाटलं.

मला वाटतं, खरी गोष्ट सेव्हची आहे, म्हणजे खेळ कुठवर आला ते जपून ठेवण्याची. तेव्हा त्यासाठी गेममधल्या टाइपरायटरपाशी पोचायचं आणि खिशात शाईची रिबन असायला हवी. रिबनी मोजक्याच. वर पार्लरचं मेमरी कार्ड सगळ्यांचं मिळून एक, आपल्या सेव्हवर कोण दुसरा सेव्ह मारेल याचा नेम नाही. तास संपत आलेला, गोळ्या संपलेल्या, दादाच्या खिशातले पैसेही. झोंबीनं धरलं की खरंच काहीतरी जायचं. आता मेलो तर दोन मिनिटं मागं जातो. कशाचं भ्या वाटणार?

२०१९ च्या नव्या रेसिडेंट ईव्हिल २ मध्ये हार्डकोअर ही अवघड पातळी निवडली की आपोआप होणारा सेव्ह बंद आणि सेव्हला पुन्हा रिबन लागते. उद्या तेच लावतो. कंट्रोलर पुतण्याकडं देणार, मी कान लावून बसणार. रिबनी कमी पडल्या पाहिजेत.