तुम्ही विचारलंत म्हणून, त्या वहीबद्दल

लग्नामुंजीत, भिशीत, आणि गणपतीत तर हमखास कुणीतरी विचारतंच, "काय हो, ती वही अजून चालू आहे का?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "पण तुमचा मोदींवर एवढा राग कशासाठी?" आजवर मी हसून किंवा चहा टाकायच्या निमित्तानं उठून वेळ मारून नेली. पण मागच्या रविवारी आमच्या वहिनींनी भर पंगतीत विचारलं, "वन्सं, खरं सांगा, काय बिघडवलंय हो त्यांनी तुमचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

वही साधी दोनशेपानी आहे. क्लायमेट चेंजबद्दल कुठला नेता कधी काय बोलला आणि पुढे काय बोलला, हे मी त्यात तारखेसकट लिहिते. बस, एवढंच.

राग नाही. म्हणजे आहे, पण त्यांच्यावर म्हणाल तर तेवढा नाही.

मी गुजराती मीडियमला विज्ञान शिकवायचे, हे तुम्हाला माहीत आहे. ५ सप्टेंबर २०१४, शुक्रवार, शिक्षक दिन. पंतप्रधान दिल्लीहून थेट मुलांशी बोलणार होते, आणि आपल्या वडोदऱ्यानं त्यांना मे महिन्यातच पाच लाख सत्तर हजारांच्या वर मतांनी निवडून दिलेलं (त्यांनी वाराणसी ठेवली आणि आपल्याला सोडलं, ते जाऊ दे), त्यामुळे शाळेत नुसती धांदल. हॉलमध्ये टीव्ही, लाइट गेली तर म्हणून जनरेटर भाड्यानं, मुलं सतरंजीवर, आम्ही कडेनं खुर्च्यांवर. मीही खूश होते, उगाच खोटं कशाला बोलू, नवी साडी नेसले होते. मध्येच कुणा विद्यार्थ्यानं क्लायमेट चेंजबद्दल विचारलं आणि उत्तराचा रोख असा की हवामान बदललेलं नाही, आपण बदललोय, आपली सवय बदलली, म्हातारी माणसं म्हणतात यंदा थंडी जास्त आहे पण खरं तर त्यांची सहनशक्ती कमी झालेली असते. पुढे निसर्गावर प्रेम करा वगैरे चांगलंही बोलले, ते मी वहीत लिहिलंय. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा, दहावी ब. ग्रीनहाऊस इफेक्ट नेमका आदल्या आठवड्यात शिकवून झालेला, फळ्यावर सूर्य, पृथ्वी, वर कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण, सगळं काढून. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हुशार, पण तोंड उघडणारी नव्हे. म्हणाली, "बेन, तो पछी परीक्षामां शुं लखवानुं?" मग परीक्षेत काय लिहायचं?

वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, पुस्तकातलं लिही.

ती खाली बसली नाही. म्हणाली, "अने साचुं शुं?"

आणि खरं काय? तीन शब्दांचा प्रश्न हो. मी एमएस्सी झालेली, बावीस वर्षं तोच विषय शिकवलेला. बाहेर व्हरांड्यात आमचे मोठे साहेब राउंडला आलेले दिसत होते. मी म्हटलं, "ते कोर्समध्ये नाही, बस."

तिनं पेनाला टोपण लावलं आणि बसली. कुणी मला दम दिला नव्हता, सर्क्युलर आलं नव्हतं, साहेबांनी तर खिडकीतून आत पाहिलंसुद्धा नाही. मीच.

पहिल्या सत्राच्या पेपरात तो प्रश्न आला, तीन मार्कांचा. तिनं उत्तराच्या वर रेघ मारून लिहिलं होतं, "पाठ्यपुस्तक मुजब", म्हणजे पुस्तकाप्रमाणे, आणि खाली उत्तर अगदी बिनचूक. मी तीनपैकी तीन दिले. वहीचं पहिलं पान त्या रात्रीचं आहे.

आता मी स्वतःशीच भांडते ते असं, की बाई, एका वाक्यावरून माणूस धरतेस होय? त्याच माणसानं मुख्यमंत्री असताना २००९ मध्ये गुजरातेत क्लायमेट चेंजचं वेगळं खातं काढलं, त्यावर पुस्तक आणलं. त्या शिक्षक दिनानंतर चार महिन्यांत, जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या वडोदऱ्यातल्या समा भागाजवळ कालव्यावर दहा मेगावॉटचे सोलर पॅनल बसले आणि उद्घाटनाला युनोचे सरचिटणीस बान की मून आले. २०१५ अखेर पॅरिसला फ्रान्सबरोबर सोलर अलायन्स, म्हणजे सौरऊर्जेसाठी देशांची आघाडी, २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरोचा, म्हणजे हवेत सोडू तेवढा कार्बन शोषूनही घेऊ, असा शब्द. आणि त्याच ग्लासगोत शेवटच्या घटकेला आपल्या मंत्र्यांनी कोळसा "फेज आउट"चा (पुरता बंद) "फेज डाउन" (नुसता कमी) करून घेतला, तोही वहीत आहे. तर मग ते २०१४ चं काय होतं? जीभ घसरली, की मुलांना सोपं करून सांगायला गेले? माहीत नाही. त्यावर कुणी परत काही बोललंच नाही, पुढचं पान उलटलं आणि झालं.

आणि हो, भाजपचेच लिहिते हा आरोप तर साफ खोटा. काँग्रेसचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० मध्ये कानकूनच्या हवामान परिषदेत सगळ्याच देशांनी कायद्यानं बांधील व्हावं असं बोलून टाकलं, इथे आरडाओरडा झाला, मग खुलासे, तेही आहे. ट्रम्पना मी चार पानं दिलीत. २००९ मध्ये ओबामांनी हवामानासाठी पावलं उचलावीत म्हणून पेपरात पानभर जाहिरात, त्यावर यांची सही. २०१२ मध्ये म्हणे ही चिन्यांनी काढलेली कल्पना. २०१७ ला हवामानाच्या पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा, २०२५ ला परत आल्या आल्या पहिल्याच दिवशी पुन्हा बाहेर पडायचा आदेश. ब्रिटनच्या थॅचरबाई केमिस्ट्री शिकलेल्या, १९८८ मध्ये पंतप्रधान असताना रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे उभं राहून जगाला सावध करणाऱ्या, २००२ च्या पुस्तकात त्याच गोष्टीची खिल्ली उडवतात. त्यांचं मला फार लागलं, विज्ञानवाली म्हणून असेल.

पूर्वी मी म्हणायचे मत बदला, पण चुकलो म्हणा. तर असा एक सापडला, अमेरिकेतला रिपब्लिकन नेता न्यूट गिंग्रिच. २००८ मध्ये विरोधी पक्षाच्या नॅन्सी पेलोसींशेजारी सोफ्यावर बसून हवामानासाठी जाहिरात केली आणि २०११ मध्ये सांगितलं की तो आपला मूर्खपणा होता. म्हणजे कबुली आली, पण उलट्या दिशेनं! दुसरा बॉब इंग्लिस, त्यांच्याच पक्षाचा खासदार. आधी मानत नव्हता, मुलगा मागे लागला, अंटार्क्टिका बघून आला, उघडपणे मत बदललं, आणि २०१० मध्ये पक्षातल्याच निवडणुकीत आपटला. हे वाचल्यापासून माझा तो जुना हेका जरा ढिला पडलाय. मी तर खुर्ची नसताना गप्प बसले.

२०२४ चा पूर तुम्ही पाहिलात. विश्वामित्रीची धोक्याची पातळी पंचवीस फूट, पाणी पस्तीसच्या वर, आमच्या तळमजल्यात कमरेएवढं, अकोट्याला तर छपरावर मगर. पाणी ओसरल्यावर एक नेते सोसायटीत आले, चिखलात चप्पल जपत म्हणाले, "शुं करीए बेन, क्लायमेट चेंज." नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, भराव घालून बिल्डिंगा उभ्या राहिल्या, पावसाचं पाणी वाहून नेणारा भूखी कांस हा नाला बुजत आला, त्याबद्दल चकार शब्द नाही. दहा वर्षं मी वाट बघितली की कुणी पुढारी माझ्या दारात उभा राहून हा शब्द खरा धरून बोलेल, आणि बोलला तेव्हा त्याच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं. बरं, तो चूकही नव्हता, पाऊस बदललाय हे मीच शिकवायचे. वहीत त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते अजून ठरत नाहीये.

ती मुलगी आता सव्वीस-सत्तावीसची असेल. दोन वर्षांपूर्वी मंगळबाजारात दिसली, समोरून येत होती, मला ओळखलंही असावं. मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि ती जाईपर्यंत माप काढत बसले, दुकानदार कंटाळला म्हणून शेवटी डझनभर घेतल्या. वहिनी, त्या संक्रांतीला तुम्हाला हिरव्या बांगड्या दिल्या ना, त्याच त्या.