सोनेरी करंट: परसातले चार उन्हाळे

डेन्व्हरच्या आमच्या परसात, जिथले गवत दर उन्हाळ्यात पाणी पिऊनही करपत असे, तिथे मी चार वर्षांपूर्वी सोनेरी करंटचे झुडूप लावले. ‘रायबीझ ऑरियम’ या शास्त्रीय नावाचे हे झुडूप मूळचे पश्चिम अमेरिकेतलेच. एप्रिलमध्ये त्याला पिवळी, नळीसारखी फुले येतात आणि मागचे दार उघडताच लवंगेचा मंद वास घरात शिरतो. जवळून पाहिले, तर जुन्या फुलांच्या पाकळ्या तांबूस झालेल्या दिसतात.

दुष्काळ सोसणारे झाड म्हणून त्याला पहिल्याच वर्षी वाऱ्यावर सोडू नये, हे मी आग्रहाने सांगेन. मुळे खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन उन्हाळे, मी आठवड्यातून एकदा बुंध्याशी सावकाश, भरपूर पाणी दिले आणि लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन घातले. त्यानंतर क्वचितच पाणी लागले. फुले जुन्या फांद्यांवर येत असल्यामुळे छाटणी बहर ओसरल्यावरच करावी. मी एकदा हिवाळा सरताना सगळे झुडूप छाटले आणि तो वसंत फुलांविना गेला. मुळांतून फुटणारे धुमारे मात्र दरवर्षी काढावेच लागतात.

फळे काळी, आंबटगोड. खाताना करवंदांची आठवण येते, पण याला काटे नाहीत.